चुकीसाठी राखलेली जागा

फळांच्या गाडीवर हल्ली दोन गोष्टी हमखास शेजारी शेजारी दिसतात. एक, संत्र्यांची नीट रचलेली रास. दुसरी, पैसे घेण्यासाठी टांगलेला क्यूआर कोड. कोडचा कागद उन्हाने विटलेला असतो, एखादा कोपरा फाटलेला असतो, मधोमध रसाचा डाग पडलेला असतो. तरीही फोन समोर धरला की गाडीवाल्याचे नाव बरोबर उमटते. रास रचणे आणि फाटका कोड वाचणे यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे कुणालाच वाटणार नाही. गणिताच्या लेखी मात्र दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: एकमेकांत न घुसवता गोल जास्तीत जास्त दाटीने कसे बसवायचे? या प्रश्नावर गेल्या दहा वर्षांत जेवढे काम झाले, तेवढे त्याआधीच्या कित्येक दशकांत झाले नव्हते. ते समजून घ्यायचे, तर आधी रास आणि कोड यांचे नाते उलगडायला हवे.

आधी रास. फळवाला खालच्या थरात प्रत्येक संत्र्याभोवती सहा संत्री बसवतो आणि वरच्या थरातले संत्रे खालच्या तिघांमधल्या खळग्यात टेकवतो. त्यामुळे राशीच्या पोटातल्या प्रत्येक संत्र्याला बारा शेजारी मिळतात: सहा त्याच्याच थरातले, तीन वरचे, तीन खालचे. त्रिकोणी पायाच्या अशा राशीत एकूण किती गोल असतील, याचे सूत्र आर्यभटाने आर्यभटीयात दिले आहे. १६११ मध्ये केप्लरने हिमकण षट्कोनीच का असतो, यावर एक पुस्तिका लिहिली आणि तिच्यात जाता जाता सांगून टाकले, की याहून दाट रचना होऊच शकत नाही. या रचनेत गोल सुमारे ७४ टक्के जागा व्यापतात. गोट्या डब्यात ओतून नुसत्या हलवल्या, तर ६४ टक्क्यांच्या आसपासच गाडी अडते.

केप्लरचे म्हणणे पटायला फळवाल्याला पुराव्याची गरज नव्हती, गणिताला होती. तो पुरावा १९९८ मध्ये टॉमस हेल्स यांनी दिला. अडीचशे पाने आणि सोबत तीन गिगाबाइटची संगणकीय आकडेमोड! बारा परीक्षकांनी तिच्याशी काही वर्षे झुंज घेतली आणि अखेर ९९ टक्के खात्री वाटते, असे कळवले. उरलेल्या एका टक्क्यासाठी हेल्स यांनी सहकारी जमवले आणि सिद्धतेची प्रत्येक पायरी तर्काच्या मूळ नियमांपर्यंत नेऊन संगणकाकडून तपासून घेतली. ते काम २०१४ मध्ये पुरे झाले. तोपर्यंत केप्लरच्या वाक्याला चारशे वर्षे उलटून गेली होती.

आता कोड. समजा, मला तुम्हाला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच कळवायचे आहे. ‘हो’साठी १, ‘नाही’साठी ०. वाटेत खरखर झाली आणि तो एकुलता अंक उलटला, तर होकाराचा नकार होतो आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून मी तोच अंक तीनदा पाठवतो: १११ किंवा ०००. तुमच्याकडे १०१ पोचले, तर मधला अंक बिघडला असणार, हे मला न विचारता तुम्ही ओळखता.

शून्य आणि एक यांचे तीन अंकी शब्द एकूण आठ. ते एका घनाकृती ठोकळ्याच्या आठ कोपऱ्यांवर असे मांडा, की एक अंक बदलला म्हणजे कडेने शेजारच्या कोपऱ्यावर जायचे. ००० हा कोपरा आणि त्याचे तीन शेजारी मिळून चार. १११ आणि त्याचे तीन शेजारी मिळून चार. चार आणि चार आठ. एकही कोपरा उरला नाही, एकावरही दोघांचा हक्क नाही. आपण चुकीला बंदी केलेली नाही. प्रत्येक शब्दाभोवती चुकीसाठी जागा राखली आहे. ही राखलेली जागा म्हणजेच त्या शब्दाभोवतीचा गोल. दोन शब्दांचे गोल एकमेकांत घुसले नाहीत, की मूळ शब्द कोणता याबद्दल वाद उरत नाही.

दोन शब्दांमध्ये दोनच पावलांचे अंतर असेल, तर चूक झाली एवढे कळते. दुरुस्त करता येत नाही. तीन पावले असतील, तर एक चूक दुरुस्तही होते. आधार क्रमांकाचा बारावा अंक पहिल्या कामाचा आहे. टंकताना एखादा अंक चुकला, तर क्रमांक चुकीचा आहे एवढे त्याच्यामुळे कळते. बरोबर क्रमांक कोणता, ते कळत नाही. क्यूआर दुसऱ्या कामाचा. सर्वांत कडक पातळीवर बनवलेल्या क्यूआरमधली सुमारे ३० टक्के माहिती नासली तरी ती परत मिळवता येते, कारण त्यातले शब्द एकमेकांपासून तितके लांब बसवलेले असतात.

मात्र जागा राखायची, तर किंमत मोजावी लागते. वरच्या उदाहरणात एका अंकाचा निरोप द्यायला तीन अंक खर्ची पडले. गोल मोठे केले की थोडेच मावतात; जास्त मावावेत म्हणून लहान केले की चुकीला वाव उरत नाही. म्हणजे आपण पुन्हा दाटीच्या प्रश्नाशी आलो.

१९४९ मध्ये मार्सेल गोले यांनी २३ अंकी शब्दांसाठी याचे एक अजब उत्तर शोधले. त्यांनी ४,०९६ शब्द निवडले आणि प्रत्येकाभोवती तीन चुकांपर्यंतची जागा राखली. त्या जागेत किती शब्द येतात, ते मोजू. एकही चूक नसलेला १, एक चूक असलेले २३, दोन चुका असलेले २५३, तीन चुका असलेले १,७७१. बेरीज २,०४८. आता ४,०९६ ला २,०४८ ने गुणा. उत्तर ८३,८८,६०८. आणि २३ अंकी शब्द एकूण होतात किती? दोनाचा तेविसावा घात, म्हणजे ८३,८८,६०८! एवढ्या अफाट पसाऱ्यात गोल असे बसले, की मध्ये तसूभर फट राहिली नाही. निवडलेल्या शब्दांच्या अशा संचाला कोड म्हणतात. यातल्या प्रत्येक शब्दाला आणखी एक अंक जोडून केलेला २४ अंकी कोड व्हॉयेजर यानांनी वापरला. १९७९ ते १९८१ या काळात गुरू आणि शनीची रंगीत छायाचित्रे पृथ्वीवर आली ती त्याच्या आधाराने. दर २४ अंकांत तीन बिघडले, तरी ते इथे बसून दुरुस्त करता येत होते.

चोवीस अंकी शब्द म्हणजे गणिताच्या भाषेत चोवीस मितींतला बिंदू. चोवीस मिती म्हटले की माणूस बिचकतो, पण बिचकण्यासारखे त्यात काही नाही. एखादे ठिकाण सांगायला जितके आकडे लागतात, तितक्या मिती. खोलीतल्या दिव्याची जागा तीन आकड्यांत सांगता येते, म्हणून खोली तीन मितींची. आठ आकड्यांचा निरोप हा आठ मितींतला एक बिंदू. हे आकडे शून्य-एकच असले पाहिजेत असेही नाही. निरोप वाहून नेणाऱ्या लहरीची उंची कितीही असू शकते. वाटेतली खरखर त्या बिंदूला कोणत्याही दिशेने थोडेसे ढकलते, म्हणून त्याच्याभोवती खराखुरा गोल तयार होतो. निरोप धाडणे म्हणजे अनेक मितींत गोल रचणे, हे चित्र क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या एका निबंधात मांडले. तेव्हापासून रास आणि कोड हे दोन प्रश्न उघडपणे एका घरचे झाले.

मिती वाढल्या की काय होते, हे आठ मितींत जवळून पाहता येते. आठ पूर्णांक घ्या, अट एवढीच की त्यांची बेरीज सम असावी. अशा प्रत्येक ठिकाणी एक गोल ठेवा. पायथागोरसच्या नियमाने पाहिले, तर कोणत्याही दोन केंद्रांमधले अंतर निदान १.४१, म्हणजे दोनाचे वर्गमूळ, इतके असते. आता जिथे प्रत्येक आकडा अर्धा आहे, अशा मधल्या पोकळीत उभे राहा आणि सर्वांत जवळचे केंद्र किती लांब आहे, ते मोजा. हीच रचना तीन मितींत केली तर ते अंतर ०.८७ भरते; नव्या गोलाला तिथे जागा नाही. पण मिती वाढतात तशी पोकळी फुगत जाते. पाच मितींत १.१२, सात मितींत १.३२ आणि आठ मितींत नेमके १.४१. म्हणजे तेवढाच दुसरा गोल पोकळीत काटेकोर बसतो. सगळ्या रचनेची एक प्रतच्या प्रत मधल्या पोकळ्यांत सरकवता येते आणि दाटी दुप्पट होते. प्रत्येक गोलाला मूळ रचनेतले ११२ आणि नव्या प्रतीतले १२८ असे २४० शेजारी मिळतात. या रचनेला ई-आठ म्हणतात. गोले यांच्या कोडवरून जॉन लीच यांनी १९६७ मध्ये २४ मितींतली अशीच रचना उभी केली. तिच्यात एका गोलाला १,९६,५६० शेजारी आहेत.

इतकी नेटकी रचना हीच सर्वांत दाट असणार, याबद्दल जाणकारांना शंका नव्हती. सिद्धता मात्र नव्हती. २००३ मध्ये हेन्री कोन आणि नोम एल्कीज यांनी वाट दाखवली. विशिष्ट गुणधर्मांचे एक फल, म्हणजे एका संख्येवरून दुसरी संख्या देणारा नियम, सापडले, की प्रश्न सुटला. ते फल ई-आठमध्ये येणाऱ्या अंतरांवर शून्य व्हायला हवे आणि त्याचे फूरिये रूपांतर, म्हणजे तेच फल लहरींमध्ये मोडून मिळणारे दुसरे फल, हेही तसेच वागायला हवे. संगणकावर त्याच्या इतक्या जवळ जाता येई, की ते असणारच हे दिसत होते, पण नेमके हाती लागत नव्हते. मार्च २०१६ मध्ये ते मारिना वियाझोव्स्का या तेव्हा बर्लिनमध्ये संशोधन करणाऱ्या युक्रेनियन गणितीने शोधून काढले. हेल्स यांच्या सिद्धतेपुढे तिची सिद्धता अगदी आटोपशीर, पंचवीसेक पानांची. तिने फल उभारले ते मॉड्युलर फले म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, विलक्षण सममिती असलेल्या फलांमधून. त्यातले तीन मुख्य घटक रामानुजन यांनी १९१६ च्या निबंधात पी, क्यू, आर या नावांनी अभ्यासले होते. गोलांच्या राशीचा विचार तिथे कुठेही नव्हता. आठवड्याभरात कोन, अभिनव कुमार, स्टीफन मिलर आणि दानिलो राद्चेन्को यांना सोबत घेऊन तिने २४ मितींचाही निकाल लावला. २०२२ मध्ये तिला फील्ड्स पदक मिळाले. ते मिळवणारी ती दुसरी स्त्री.

एवढे झाल्यावर वाटेल, की आता बाकीच्या मिती एकेक करून सुटतील. तसे झालेले नाही. सर्वांत दाट रचना कोणती, हे एक, दोन, तीन, आठ आणि चोवीस एवढ्याच मितींत सिद्ध झाले आहे. चार मितींचेसुद्धा उत्तर नाही. शिवाय मिती वाढल्या की जागा विलक्षण वागते. आठ मितींतली सर्वोत्तम रचनाही जेमतेम २५ टक्के जागा भरते. चोवीस मितींतली ०.२ टक्क्यांहूनही कमी. बाकी सगळी पोकळी.

आणि आपले फोन तर हजारो मितींत बोलतात. तिथली स्थिती अशी, की हजार मितींचा प्रश्न घेतला, तर निदान इतकी दाटी शक्य आहे आणि याहून जास्त शक्य नाही, या दोन मर्यादांमध्ये ढोबळमानाने एकावर शंभराहून जास्त शून्ये एवढ्या पटींची तफावत आहे. वरची मर्यादा १९७८ पासून फारशी हललेली नाही. खालची अलीकडे वर सरकली. २०२३ च्या अखेरीस चार गणितींनी मुद्दाम विस्कळीत, यदृच्छेने निवडलेल्या रचनेतून ती वाढवली. लगेच कुजबुज सुरू झाली, की खूप मितींत शिस्तीपेक्षा विस्कळीतपणाच दाट असावा. २०२५ मध्ये बोआझ क्लार्ताग यांनी शिस्तीतल्या, जाळीसारख्या रचनेतून तिला मागे टाकले. पण ती जाळी शोधण्यासाठी त्यांनी जाळीच्या बिंदूंमधल्या पोकळीत एक लंबगोल वाढवत नेला, आणि तोही यदृच्छेनेच. खरे उत्तर शिस्तीचे आहे की विस्कळीतपणाचे, हा वाद मिटलेला नाही.

मग फोन चालतात कसे? सर्वोत्तम रास ठाऊक नसताना ५जीचा डेटा न अडखळता कसा पोचतो? याचे कारण अटीत आहे. गोलांनी एकमेकांत अजिबात घुसू नये, ही गणितज्ञाची अट. अभियंत्याची अट तेवढी कडक नाही. गोल कडेला थोडेसे एकमेकांवर आले तरी चालतील, फक्त खरखरीने बिंदू नेमका त्या चिंचोळ्या पट्ट्यात ढकलला जाण्याची शक्यता नगण्य असावी. एवढी सवलत दिली की, शॅनन यांनी १९४८ मध्येच दाखवल्याप्रमाणे, यदृच्छेने निवडलेले शब्दही कमाल मर्यादेच्या जवळ नेतात. अडचण होती ती ते शब्द ओळखण्याची. रॉबर्ट गॅलगर यांनी साठच्या दशकात सुचवलेले विरळ तपासणीचे कोड ओळखायला सोपे निघाले. तीसेक वर्षे त्यांच्याकडे कुणी फारसे पाहिले नाही. आज ५जीचा डेटा त्यांच्यावरच चालतो.

म्हणजे शब्दाभोवती चुकीसाठी जागा राखली, तेव्हा निरोप पोचू लागले; आणि त्या जागेच्या कुंपणालाच थोडी चूक माफ केली, तेव्हा ते भरपूर आणि वेगाने पोचू लागले. सर्वांत दाट राशीचा शोध चालू राहील, कारण तो प्रश्न स्वतःच्या मोलावर उभा आहे. व्यवहाराचे त्याच्यावाचून अडलेले नाही, आणि ते का अडले नाही, हेही त्याच गोलांच्या चित्रातून कळले आहे.