मजुरी वाढली, काम कोठें गेलें?

मजुरास पोटापुरती तरी मजुरी द्यावी, असें कोणीहि म्हणेल. परंतु एकाची मजुरी वाढविल्यामुळें दुसऱ्यास कामच मिळेनासें झालें, तर त्या वाढीस न्याय म्हणावें काय? वाचकबंधुभगिनींनो, हा प्रश्न नुसता कल्पनेंतला नाहीं. तो आपल्याच महाराष्ट्रांत एकदां प्रत्यक्ष उभा राहिला होता.

सन 1972 च्या दुष्काळांत लक्षावधि स्त्रीपुरुष खडी फोडण्यास व पाझर तलाव खणण्यास गेले. त्याच काळांत श्री. वि. स. पागे यांनीं पुरस्कारिलेली रोजगार हमी योजना सर्वत्र पसरली. पुढें 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अंमलांत आला. खेड्यांतील जो कोणी प्रौढ मनुष्य अंगमेहनतीचें काम मागेल, त्यास तें पंधरा दिवसांत द्यावें, असें त्यांत वचन होतें. खर्चासाठीं नोकरदारांवर व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविला होता.

मजुरी मात्र तुटपुंजी. किमान वेतनाचा कायदा 1948 सालींच झाला होता, पण सरकारी दुष्काळी कामांवरहि तो पाळला जात नसे. राजस्थानांतील अशाच एका प्रकरणीं 1983 सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, किमान वेतनाहून कमी देऊन राबविणें ही वेठच होय. मग मजूर गरजेपोटीं आपण होऊन आलेला कां असेना. या निकालांत मला तर कांहींच उणें दिसत नाहीं. घरांत चूल पेटलेली नसतां दिलेली संमति, ती कसली संमति?

पुढें 1988 सालीं महाराष्ट्रांत शेतमजुरांचें किमान वेतन जवळजवळ दुप्पट झालें. योजनेची मजुरी त्याच दराशीं बांधलेली असल्यामुळें तीहि वाढली. आणि त्यानंतर योजनेवरील रोजगार झपाट्यानें उतरला. वास्तविक मजुरी वाढली म्हणजे काम मागणारे वाढावयाचे. येथें कामावरचीं माणसें घटलीं! मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त व शुभम् चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनीं 1993 सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असा निष्कर्ष काढला कीं, मागेल त्यास काम ही हमी त्या वाढीनंतर पूर्ववत् राहिली नाहीं.

यावरून कित्येक म्हणतात, पाहा, कायद्यानें गरिबाचेंच नुकसान केलें. मला हा तर्क पटत नाहीं. दोन एकरांचा कोरडवाहू शेतकरी वाढीव दर देऊं शकत नसेल, तर त्याच्या अडचणीचा विचार अवश्य करावा. (त्याच्या शेतावर तो दर बहुधा कागदावरच राहतो, हें आपण जाणतोंच.) पण येथें हमी देणारा धनी सरकार होतें. त्यानें दर वाढविला, आणि थैलीचें तोंड मात्र त्या मानानें सैल केलें नाहीं. दोष वाढलेल्या मजुरीचा नव्हे. अर्ध्यावर सोडलेल्या वचनाचा आहे.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यांतील शेवटचे मजूर आठवा. कोणी कामास लाविलें नाहीं म्हणून ते दिवस कलेपर्यंत बाजारांत उभे होते. धन्यानें त्यांस पुरती मजुरी दिली, ह्याचेंच आपण वर्णन करतों. पण त्याआधीं त्यानें त्यांस शोधून मळ्यांत पाठविलें होतें.

योजनेच्या कामावर हजेरीपट ठेवीत, आणि खणलेल्या मातीचें माप घेऊन मजुरी ठरवीत. वाढीव दर ज्यांच्या हातीं पडला, त्यांचीं नांवें त्या पटावर होतीं. ज्या बायाबापड्यांस काम मिळालें नाहीं, त्यांचीं नांवें तेथें असण्याचें कारणच नव्हतें.