‘आम्ही’ आणि ‘आपण’ : क्रांतीच्या इतिहासाचे सामूहिक वाचन

क्रांतिकारक चळवळींचा इतिहास एकट्याने वाचणे आणि तो दहा-पंधरा जणांनी एकत्र बसून वाचणे, यांत केवळ संख्येचा फरक नाही. एकटा वाचक संहितेशी मनातल्या मनात वाद घालतो, नकोशी पाने उलटून टाकतो. वाचनमंडळात संहिता मोठ्याने उच्चारली जाते आणि तिच्यातील सर्वनामे वाचणाऱ्याच्या तोंडी येतात. मंडळ चालवणाऱ्याची नैतिक कसोटी लागते ती या सर्वनामांपाशी.

साताऱ्याच्या प्रतिसरकारचे उदाहरण घ्यावे. १९४२च्या ‘चले जाव’ आंदोलनानंतर तत्कालीन सातारा जिल्हा व लगतचे औंध संस्थान या भागात भूमिगतांनी उभी केलेली ही समांतर सत्ता १९४६पर्यंत टिकली. नाना पाटलांचे नेतृत्व, न्यायदान मंडळे, अल्पखर्चाचे गांधीविवाह, तुफान सेना, ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ लुटलेली पगाराची रेल्वेगाडी : यांविषयी आठवणी, मुलाखती, गौरवग्रंथ असे साहित्य उपलब्ध आहे. त्याचा निवेदक बहुधा ‘आम्ही’ असतो. मराठीत श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ ही दोन निराळी रूपे आहेत. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द पुरवावा लागतो. ‘आम्ही गाडी अडवली’ असे सांगणारा कार्यकर्ता श्रोत्याला नकळत बाहेर ठेवतो : तुम्ही तेथे नव्हता. कुंडलसारख्या गावी हेच पान वाचून चर्चा सुरू झाली, की त्या ‘आम्ही’चे ‘आपण’ होण्याची ओढ स्वाभाविक असते. तिला निव्वळ बढाई म्हणणे अन्यायाचे होईल. ही ओढ नसती तर दिवसभराच्या कामानंतर वाचनालयात येऊन कोणी बसलेच नसते.

अडचण पुढे येते. या सत्तेला लोकांनी दिलेले दुसरे नाव ‘पत्री सरकार’. लोकस्मृतीने ते तळपायांवरील शिक्षेशी जोडले आहे. खबरे, दरोडेखोर, जुलमी सावकार यांना ती दिली जाई. ते पान आले, की कालच्या ‘आपण’ची जागा ‘त्यांनी’ घेते, किंवा वाक्य कर्ताहीन होते : ‘शिक्षा झाली’. ज्याला झाली त्याने आठवणी लिहिल्या नाहीत, त्याचा गौरवग्रंथ निघाला नाही. त्याचा नातू मात्र त्याच खोलीत बसलेला असू शकतो.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. खबऱ्याच्या एका शब्दाने कार्यकर्ता तुरुंगात जात होता, त्याच्या घरादारावर पोलिसांची धाड येत होती. भूमिगतांपाशी ना तुरुंग होता ना अपिलाचे न्यायालय. इंग्रज १९४७ साली जाणार, हेही १९४३मध्ये कोणाला ठाऊक नव्हते. शेवट माहीत असलेल्याने सुरक्षित बैठकीवरून तोलूनमापून न्याय करणे ही सोयीची नीतिमत्ता आहे. आक्षेप खरा आहे, पण तो निवाड्याविरुद्धचा आहे, प्रश्नाविरुद्धचा नव्हे. खबरा कोणी ठरवला, त्याला बोलू दिले काय, जुने भाऊबंदकीचे वैर त्या आरोपाआड शिरले काय, हे प्रश्न त्या काळच्या माणसालाही पडू शकत होते. ते आजचे शहाणपण नव्हे.

हे प्रश्न वाचकाच्या वाट्याला येऊच न देणारा इतिहासही लिहिला गेला आहे. सोव्हिएत पक्षाचा १९३८चा ‘संक्षिप्त इतिहास’ लक्षावधींनी अभ्यासला. त्याच वर्षी मार्चमध्ये गोळी घातलेला बुखारिन त्यात आरंभापासूनचा शत्रू ठरला होता. अशा पुस्तकापुढे संचालकाला पाठ घेण्यापलीकडे काम उरत नाही. साताऱ्याच्या आठवणी तशा नाहीत. त्या विसंगत आहेत, कोठे कोठे एकमेकींना खोडतात, आणि म्हणूनच मंडळात वाचण्याजोग्या आहेत.

संचालकाने निकाल देऊ नये. सर्वनाम मात्र ढळू देऊ नये. शेणोलीला ‘आपण’ म्हणणाऱ्याने शिक्षेच्या पानावरही ‘आपण’च म्हणावे. ते जड वाटत असेल तर दोन्हीकडे ‘ते’ म्हणावे. त्यात वारसा हातचा जातो, पण वाचन प्रामाणिक राहते. आणि त्या नातवाला साक्षीदार करू नये. दुखावलेल्याने बोललेच पाहिजे, ही अलीकडची अपेक्षादेखील एक सक्तीच आहे. पाने पाळीपाळीने वाचली जातात. त्याची पाळी आली आणि त्याने पुस्तक न वाचता शेजाऱ्याकडे सरकवले, तर कारण न विचारता पुढचा परिच्छेद सुरू व्हावा.