आठ आठवडे, अठ्ठावीस प्रकरणे

गोवा मंडळाची बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आटोपते आणि मे महिना उजाडला की वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ येते. अभियांत्रिकीसाठी पूर्वी गोव्याची स्वतःची जीसीईटी होती; आता जेईई मेनचे गुण धरतात आणि तिचे दुसरे सत्र एप्रिलमध्येच असते. बोर्ड ते ‘नीट’ हे सहा-आठ आठवडे पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या विज्ञान शाखेच्या पुष्कळ मुलांना भौतिकशास्त्र खऱ्या अर्थाने हाती घेण्यासाठी मिळणारे पहिले सलग आठवडे असतात. त्याआधीची दोन वर्षे जर्नल, चाचण्या आणि बोर्डात हमखास येणारे प्रश्न यांतच निघून जातात. शिकवणी वर्ग मुख्यतः म्हापसा, पणजी, मडगाव इकडे. पेडण्याहून काय किंवा डिचोलीहून काय, पणजी तीसेक किलोमीटर. बसने जाण्यायेण्यात सकाळचा ताजा वेळ खर्ची पडतो, आणि शुल्क सर्वांना झेपत नाही. अशा मुलाने किंवा मुलीने घरी बसून, पुस्तक समोर ठेवून, अकरावी-बारावीचे भौतिकशास्त्र एवढ्या थोड्या अवधीत स्वतःच शिकावे, हे शक्य आहे का? बहुतेक पालक आणि बरेच शिक्षकही नाही म्हणतील. माझ्या मते ते शक्य आहे. मात्र त्यासाठी एक गोष्ट बाहेरून मिळावी लागते, आणि ती आपण आज त्यांना देत नाही.

आधी हिशेब पाहू. एनसीईआरटीच्या अभ्यासक्रमात काटछाट झाल्यानंतर अकरावीच्या भौतिकशास्त्रात १४ आणि बारावीच्या १४ अशी २८ प्रकरणे उरली. आठ आठवड्यांचे ५६ दिवस, म्हणजे प्रकरणाला दोन दिवस. रोज चार तास धरले तर आठ तास. हा भागाकार करून भिंतीवर वेळापत्रक लावणे ही स्वयंअध्ययनातली सर्वांत मोठी चूक आहे, कारण ही प्रकरणे एका वजनाची नाहीत. पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह, चुंबकीय क्षेत्रात वळणारा विद्युतभार आणि बोरच्या अणूतला इलेक्ट्रॉन ही तीन वेगवेगळ्या प्रकरणांतली उदाहरणे आहेत. पण तिन्ही ठिकाणी विद्यार्थ्याला करायचे असते ते एकच. केंद्राकडे ओढणारे बल कोणते ते ओळखायचे आणि वर्तुळाकार गतीला लागणाऱ्या बलाशी त्याची बरोबरी मांडायची. १९८१ साली मानसशास्त्रज्ञ मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवशिक्या विद्यार्थ्यांना आणि भौतिकशास्त्रातल्या जाणकारांना उदाहरणांचे गट पाडायला सांगितले होते. नवशिक्यांनी उतरणीची उदाहरणे एकीकडे आणि कप्पीची दुसरीकडे ठेवली. जाणकारांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटणारी एका गटात आणि न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने सुटणारी दुसऱ्या गटात लावली. वेळ थोडा असताना हाच फरक कामी येतो. न्यूटनचे नियम, कार्य आणि ऊर्जा, संवेग, वर्तुळाकार गती यांना पहिले तीन आठवडे द्यावेत असे मी म्हणेन. पुढची निम्मी प्रकरणे मग ओळखीच्या वाटेने येतात. एखादे प्रकरण वाऱ्यावर सोडावे लागले तर सोडावे. पायाचे प्रकरण उरकून टाकणे जास्त महागात पडते.

दुसरी चूक उदाहरणांच्या संख्येची. हजार उदाहरणे सोडव, आपोआप समजेल, असे सर्रास सांगितले जाते. दक्षिण कोरियात किम आणि पाक या संशोधकांनी २००२ साली हे तपासले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी सरासरी हजाराहून अधिक पारंपरिक उदाहरणे सोडवलेली होती, तरीही यांत्रिकीतल्या मूलभूत कल्पनांतले नेहमीचे गोंधळ पुष्कळांच्या डोक्यात तसेच राहिले होते. सोडवलेल्या उदाहरणांची संख्या आणि समज यांचा फारसा मेळ दिसला नाही. असे का होते ते इथल्याच दोन उदाहरणांवरून कळेल. पेडणे तालुक्यात केरीहून तेरेखोलला फेरीबोट जाते. समजा पात्र ३०० मीटर रुंद आहे, बोटीचा पाण्याच्या सापेक्ष वेग सेकंदाला ३ मीटर आणि प्रवाहाचा दीड मीटर. बोटीचे नाक सरळ पलीकडच्या काठाकडे ठेवले तर पार व्हायला १०० सेकंद लागतात आणि बोट १५० मीटर वाहत जाते. अगदी समोरच्याच धक्क्याला लागायचे असेल तर नाक प्रवाहाविरुद्ध ३० अंश वळवावे लागते आणि वेळ सुमारे ११५ सेकंदांवर जातो. सूत्रात आकडे भरून ही दोन्ही उत्तरे येतात. पण आता आकडे न देता विचारा: भरतीचा जोर वाढला आणि नाक सरळच ठेवले, तर पार व्हायला वेळ जास्त लागेल का? इथे भलेभले ‘हो’ म्हणतात. प्रवाह काठाला समांतर आहे, पात्राच्या रुंदीच्या दिशेने तो बोटीला पुढेही नेत नाही की मागेही ओढत नाही, हे ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येते त्याला सापेक्ष वेग कळला. डिचोलीचे उदाहरण बार्जचे. आमोणे-सारमानसच्या धक्क्यांवरून खनिज भरून बार्ज मांडवीतून मुरगाव बंदराकडे जात. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा ही वाहतूकही थांबली. पावसाळ्यानंतर नदीच्या गोड्या पाण्यातून २००० टन एकूण वजनाची बार्ज समुद्राच्या खाऱ्या पाण्यात गेली तर तिच्यावरचे उत्प्लावक बल वाढते का? घनता वाढली म्हणून बल वाढले, असे उत्तर चटकन येते. वास्तविक बार्ज तरंगते आहे म्हणजे बल तिच्या वजनाइतकेच आहे, दोन्हीकडे तेवढेच. बदलते ते पाण्याखालचे आकारमान: गोड्या पाण्यात २००० घनमीटर, समुद्रात सुमारे १९५१. असे प्रश्न दिवसाला चारच घ्यावेत, पण प्रत्येकाचे उत्तर आधी अंदाजाने लिहावे, मग कारण लिहावे आणि गणित शेवटी करावे. ची यांच्याच १९८९ च्या अभ्यासात, तो थोड्या विद्यार्थ्यांवर केलेला असला तरी, चांगले विद्यार्थी सोडवून दाखवलेल्या उदाहरणाच्या प्रत्येक पायरीला ‘हे इथे का आले’ असे स्वतःला समजावत होते आणि आपल्याला काय कळले नाही तेही त्यांच्या लक्षात येत होते. कच्च्या विद्यार्थ्यांना सगळे कळल्यासारखेच वाटत होते.

इथेच सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो. ज्याला आपण चुकतो आहोत हेच कळत नाही, त्याने एकट्याने शिकावे कसे? रामानुजन किंवा फॅरडे यांची नावे घेऊन हा आक्षेप उडवून लावणे मला पटत नाही. त्या प्रतिभेवर पेडण्यातल्या साध्या, कष्टाळू मुलीचे वेळापत्रक आखता येत नाही. शिवाय फॅरडेलाही पुढे हंफ्री डेव्हीच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. पण या आक्षेपात शिक्षकाची दोन कामे एकत्र केली जातात: समजावून सांगणे आणि तपासणे. समजावून सांगणे आज पुस्तकात आहे, मोबाइलवरच्या व्हिडिओंत आहे, आणि त्याचा परिणाम आपण समजतो त्याहून कमी असतो. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली अमेरिकेतल्या ६२ अभ्यासक्रमांतल्या ६५४२ विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले. अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला जे येत नव्हते त्यातले शेवटी किती आले, हे त्यांनी मोजले. निव्वळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत सरासरी २३ टक्के. जिथे विद्यार्थी स्वतः उत्तर मांडत आणि लगेच दुरुस्ती मिळवत, तिथे ४८ टक्के. म्हणजे एकट्याने अभ्यास करणारी विद्यार्थिनी व्याख्यान चुकल्यामुळे फार मागे पडत नाही. तिला नड असते ती तिची वही वाचून ‘बल वाढले असे का लिहिलेस?’ असे विचारणाऱ्या जाणत्या माणसाची. उत्तरसूची ते काम करत नाही, कारण चुकीच्या कारणानेही पर्याय बरोबर निवडला जातो.

घाईत शिकलेले टिकत नाही, हाही आक्षेप खरा आहे. पण तो सगळ्या घाईला सारखा लागू पडत नाही. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात एकच उतारा चारदा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्याने त्यांना ४० टक्के आठवले, तर एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. तेव्हा आठ आठवड्यांतही सोमवारचे प्रकरण गुरुवारी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर मांडणे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मांडणे शक्य आहे. नवीन वाचायला वेळ कमी उरतो हे मान्य. तो कमीच उरला पाहिजे.

भाषेचा प्रश्न मात्र असा सुटत नाही. या दोन तालुक्यांत मराठी प्राथमिक शाळांचे जाळे जुने आहे. पोर्तुगीज अमलातही इथली मराठी शिकवण लोकांनी स्वतःच्या बळावर चालवली आणि १९६३ नंतर मुख्यमंत्री बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव शाळा काढल्या. चौथीपर्यंत मराठीत शिकलेले मूल पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जाते आणि बारावीला इंग्रजी पुस्तकातून भौतिकशास्त्र वाचते. ‘नीट’ आणि जेईई मेनची मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते; ती गोव्यात मिळाली तरी ज्यांनी संज्ञा मराठीत कधी ऐकल्याच नाहीत त्यांना तिचा उपयोग थोडा. म्हणून वहीत कारणे लिहिताना मराठी किंवा कोंकणी, घरात जी बोलली जाते ती, वापरण्याची मोकळीक तपासणाऱ्याने दिली पाहिजे. संज्ञा इंग्रजी राहिल्या तरी चालेल. मुलीला विचार करता येतो की नाही हे त्याशिवाय दिसणारच नाही.

स्वयंअध्ययनाचे कौतुक करून सरकार आपली जबाबदारी मुलांवर ढकलेल, अशी भीती काहींना वाटते आणि ती रास्त आहे. म्हणून मागणी नेमकी असावी. पेडणे, डिचोली आणि साखळी इथल्या उच्च माध्यमिक विद्यालयांनी बोर्डाची परीक्षा संपल्यापासून ‘नीट’पर्यंत आठवड्यातून दोन दुपारी भौतिकशास्त्राच्या एका शिक्षकाला फक्त वह्या तपासण्यासाठी बसवावे. व्याख्यान नको. मुलांनी लिहून आणलेली चार कारणे वाचावीत, जिथे विचार घसरला तिथे बोट ठेवावे आणि गरज पडेल तिथे प्रयोगशाळा उघडून लंबक किंवा मीटर ब्रिज समोर ठेवावा. २०२५ पासून गोव्यात वरच्या वर्गांचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले आहे, त्यामुळे शिक्षक त्या महिन्यात शाळेत असतातच. नवी नेमणूक लागत नाही. मार्चमधल्या दुपारी आणि या कामाचा मोबदला यांची तरतूद शिक्षण संचालनालयाला एका परिपत्रकाने करता येईल.