साक्षीदाराची निवड

कज्जांतील पक्षकार आपले साक्षीदार आपणच आणतो. परंतु त्यांची उलटतपासणी घेण्यास प्रतिपक्षाचा वकील तेथें उभा असतो. अमेरिकेंत वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्यालाहि आपले साक्षीदार आपणच आणावे लागतात. मात्र तेथें उलटतपासणी नसते. आपल्याकडे हा प्रवेश सामायिक परीक्षेच्या गुणांवर ठरतो, म्हणून ही रीत पुष्कळांस अपरिचित असेल. तिकडे गुणांच्या जोडीला शिफारसपत्रें द्यावीं लागतात. मध्यवर्ती अर्जव्यवस्थेंतून एका उमेदवारास जास्तींत जास्त १० पत्रें जोडतां येतात; पुष्कळ महाविद्यालयें त्यांत विज्ञानाच्या २ व विज्ञानेतर विषयाच्या १ अध्यापकाचें पत्र मागतात. माणसें मात्र उमेदवारानेंच निवडावयाचीं. ही निवड कशी करावी, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसतो. आमच्या मतें तो नीतीचा आहे.

व्यवहार सांगतो, मोठें नांव शोधावें. शेवटच्या बाकावरून ज्यांचें व्याख्यान ऐकलें ते विख्यात प्राध्यापक, वडिलांच्या स्नेहांतले नामांकित शल्यविशारद, अशांची सही मिळाली कीं दार लवकर उघडेल. वशिला हा शब्द आमच्या भाषेंत इतका रुळला आहे कीं, शिफारसपत्र हें त्याचेंच सभ्य नांव असावें, असा समज होणें स्वाभाविक आहे. पण दोहोंत अंतर आहे. वशिल्यांत सांगणारा कोण हें पाहतात; साक्षींत त्यानें काय पाहिलें हें विचारतात. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघानें पत्रलेखकांस दिलेल्या सूचना या बाबतींत स्पष्ट आहेत. उमेदवाराशीं ओळख किती दिवसांची, कोणत्या नात्यानें, आणि आपलें मत प्रत्यक्ष पाहून बनलें कीं ऐकून, हें सांगावें. त्याची वकिली न करतां यथार्थ मूल्यमापन करावें.

ज्यानें आपलें काम पाहिलें नाहीं त्याच्याकडे पत्र मागणें म्हणजे त्याला पेंचांत घालणें होय. तो सचोटीचा असेल तर पत्र पोकळ होईल. भिडस्त असेल तर न पाहिलेले गुण पाहिले म्हणून लिहील. हें असत्य त्याच्या हातचें असलें तरी तें मागणारा उमेदवारच असतो. आणि हा उमेदवार उद्यां कोण होणार? त्याच्या सहीवर कोणाची रजा मंजूर होईल, कोणास विम्याचे पैसे मिळतील, कोणाच्या मृत्यूचें कारण नोंदलें जाईल. रोग्यास न तपासतां दाखला देऊं नये, हा या धंद्याचा अगदीं प्राथमिक नियम. न पाहणाऱ्यांच्या सह्या गोळा करून जो उंबरठा ओलांडतो, त्यानें हा नियम पुढें कोणत्या तोंडानें सांगावा?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. शेंकडों विद्यार्थ्यांच्या वर्गांत प्राध्यापकास एकेकाचा चेहरा आठवणें कठीण. शिवाय जो फी भागविण्यासाठीं नोकरी करून शिकतो, त्याला प्राध्यापकाच्या दारीं वारंवार जाण्यास सवड कोठली? कोणाच्या नजरेंत राहणें हीहि मग एक चैनच ठरते. हा अन्याय खरा आहे, आणि त्याचा दोष पत्रें मागणाऱ्या संस्थांकडे जातो. परंतु मोठ्या नांवाची उसनवारी हा त्यावर उपाय नव्हे. प्रयोगशाळेंत बिघडलेला प्रयोग पुन्हा मांडतांना ज्या तरुण सहायकानें आपणांस पाहिलें, त्यानें पत्र लिहावें व प्राध्यापकानें त्यावर आपली सही जोडावी, अशी रीत तिकडे आहे. कोणीं काय पाहिलें हें पत्रांत नमूद केलें असेल तर ती सरळच म्हटली पाहिजे. नियमाचीं पत्रें झाल्यावर, ज्या दुकानांत किंवा रुग्णालयांत आपण राबलों तेथील वरिष्ठांची साक्षहि जोडतां येते. तिला नांव लहान असेल, पण वजन असतें.

मागण्याची रीतहि निवडीचाच भाग आहे. ‘आपण माझें काम पाहिलें आहे, त्यावरून मनापासून अनुकूल लिहितां येईल काय?’ असें विचारावें, आणि नकाराला वाट मोकळी ठेवावी. १९७४ च्या एका कायद्यानें तेथील विद्यार्थ्यांस आपल्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क दिला. शिफारसपत्रांपुरता तो हक्क त्यांस स्वेच्छेनें सोडतां येतो, व पुष्कळ जण सोडतात. न वाचतां पत्र जाऊं देण्याइतका विश्वास ज्यावर टाकतां येईल, ज्यानें आपली उणीवहि पाहिली आहे आणि तरीहि जो लिहावयास तयार आहे, तोच खरा साक्षीदार.

येथें आनंदीबाई जोशी यांचें स्मरण होतें. १८८३ मध्यें फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेश मागतांना, आपली तयारी सर्व अटींस पुरी पडणार नाहीं, हें त्यांनीं आपल्या पत्रांत आपण होऊन लिहिलें होतें. प्रवेश मिळाला, आणि १८८६ मध्यें त्या तेथूनच एम. डी. झाल्या. आपलें उणें जो स्वतःच्या अक्षरांत लिहूं शकतो, त्याला तें पाहिलेल्या माणसाकडे पत्र मागण्याचें भय कां वाटावें?