मदशक्ती आणि साक्षी

धान्य, गूळ किंवा किण्व, म्हणजे आंबवण्यासाठी घालावयाचे द्रव्य, यांपैकी एकातही सुटेपणी धुंदी आणण्याचे सामर्थ्य नसते, परंतु ती एकत्र आंबली की मदशक्ती उत्पन्न होते. त्याचप्रमाणे पृथ्वी, आप, तेज आणि वायू ही भूते देहरूपाने एकत्र आली की चैतन्य उत्पन्न होते, असा चार्वाकांचा युक्तिवाद चौदाव्या शतकातील 'सर्वदर्शनसंग्रह' या ग्रंथात नोंदलेला आहे. या दृष्टान्तात मद्य कसे तयार होते एवढेच आले आहे. ते पोटात गेल्यावर काय करते, हा देहवादाच्या बाजूचा खरा बळकट पुरावा होय.

मद्यातील इथेनॉल मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात शिरते, आणि यकृत त्याचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात व नंतर ॲसिटेटमध्ये रूपांतर करीत असले, तरी हे काम मर्यादित गतीनेच होत असल्याने उरलेले इथेनॉल रक्ताबरोबर मेंदूत फिरत राहते. तेथे चेतापेशींना आवर घालणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा प्रभाव वाढतो, त्यांना उद्दीपित करणाऱ्या ग्लुटामेटचा घटतो, आणि परिणामी लहान मेंदूवर अवलंबून असलेला तोल, तसेच ललाटखंडावर अवलंबून असलेले तारतम्य, दोन्ही ढळतात. चरकसंहितेने हाच व्यवहार हृदयाच्या ठिकाणी कल्पिला आणि मद्याचे दहा गुण ओजाच्या, म्हणजे देहातील सारभूत तेजाच्या, दहा गुणांना विरोधी असल्याचे सांगितले. स्थान निराळे, परंतु द्रव्य देहाच्या वाटेने चित्तापर्यंत पोचते याबद्दल दुमत नाही.

आद्य शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात देहात्मवादाला दिलेले उत्तर येथे तपासून पाहण्यासारखे आहे. दिवा असताना वस्तू दिसते आणि नसताना दिसत नाही, म्हणून दर्शन हा दिव्याचा धर्म ठरत नाही. दिवा हे केवळ उपकरण, आणि देहही तसाच. मंदावलेली दृष्टी किंवा अडखळती जीभ या उत्तरात सहज सामावते. मद्यपी मात्र केवळ कमी पाहत नाही, तो वेगळा निर्णय घेतो, आणि निर्णय घेणारा बदलला तर बिघाड उपकरणात झाला असे म्हणणे अवघड जाते. वेदान्ताला ही अडचण अनपेक्षित नाही. बुद्धी हीदेखील अंतःकरणाचाच भाग, म्हणून उपकरणच, आणि तिच्या विकारांना केवळ प्रकाशित करणारा साक्षी त्यांपासून अलिप्त, असे तो म्हणतो.

या साक्षीच्या सिद्धीसाठी अद्वैती गाढ झोपेचा आधार घेतात: जागा झालेला मनुष्य 'सुखाने झोपलो, काही कळले नाही' असे आठवतो, अर्थात झोपेतही कोणीतरी जागे होते. मद्यामुळे येणारा स्मृतिलोप हा आधार डळमळीत करतो. रक्तातील मद्याचे प्रमाण झपाट्याने वाढले की हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग नव्या आठवणी साठवू शकत नाही. मनुष्य त्या अवधीत बोलतो, भांडतो, घरीही पोचतो, पण दुसऱ्या दिवशी त्याला त्यातले काही आठवत नाही. त्याला सुखाची आठवण नाही आणि काही न कळल्याचीही नाही. तो अवधी होता हेसुद्धा त्याला इतरांकडून कळते. साक्षी तेव्हाही होता असे म्हणता येते, परंतु आता ते अनुभवाच्या आधारावर नव्हे, तर सिद्धान्ताच्या गरजेपोटी म्हणावे लागते, आणि अशा साक्षीला त्या रात्रीच्या कृत्याचा कर्ता मानणे तर वेदान्तालाही मान्य नाही.

मग दोष कोणाचा? कायदा साक्षीच्या शोधात पडत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २३ नुसार नकळत किंवा इच्छेविरुद्ध मद्य पाजले गेल्याने ज्याची आकलनशक्ती नष्ट झाली त्याला सूट मिळते. स्वेच्छेने प्यालेल्याच्या बाबतीत मात्र, गुन्ह्यासाठी विशिष्ट ज्ञान आवश्यक असेल तर, तो शुद्धीवर असता त्याला जे ज्ञान असते तेच होते असे कलम २४ गृहीत धरते. हे उघडच एक कल्पित आहे; मेंदूत ते ज्ञान त्या क्षणी असेलच असे नाही, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक असते.