बोटाला कळलं होतं

निफाड तालुक्यातल्या एका गावात बायकांचा बचत गट आहे. महिन्याची बचत आणि कर्जाचे हप्ते गोळा करून बँकेत भरायचं काम सचिव कल्पनाकडे. एकदा तिनं भरलेल्या रकमेतली पाचशेची एक नोट रोखपालाच्या यंत्रानं बाजूला काढली. त्यानं ती निळ्या दिव्याखाली धरली, तर सगळा कागदच उजळून निघाला.

"ताई, खोटी आहे ही."

"असं कसं? गांधीजी दिसतात, तारही आहे की!"

रोखपाल समजावून सांगणारा निघाला. त्यानं एक खरी नोट तिच्यापुढे ठेवली. "कडेला नख फिरवा." दोन्ही कडांच्या पाच तिरप्या रेघा नखाला खरखरीत लागल्या, गांधीजींचा चेहरा, अशोकस्तंभ, सगळी छपाई उठावाची. खोट्या नोटेवरून नख नुसतं घसरलं. मग दोन्ही नोटा तिरप्या केल्या. खरीची तार हिरव्याची निळी झाली, खोटीची होती तशीच. कोऱ्या जागेतले गांधीजी तर छापायचेच नसतात. कागद तयार होतानाच त्याची जाडी कमीजास्त करून ते उमटवतात, म्हणून उजेडासमोर धरल्यावरच नीट दिसतात. खोट्या नोटेतले टेबलावरूनच दिसत होते. नकली नोट करणाऱ्यालाही ठाऊक असतं, गिऱ्हाईक तार आहे की नाही एवढंच बघतं. मग तो बाकीच्याची मेहनत कशाला घेईल?

रोखपालानं नोटेवर शिक्का मारला, वहीत नोंद केली आणि पावती हातात दिली. पैसे गेले ते गेलेच. खोटी नोट बँक बदलून देत नाही आणि परतही करत नाही. एका वेळी चारपर्यंत निघाल्या तर महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवतात. पाच झाल्या की गुन्हाच नोंदवला जातो.

संध्याकाळी गटाची बैठक बसली. कल्पनानं पावती मधे ठेवली. "कोणाची होती?"

कोणीच बोलेना. मग शिवणकाम करणारी शोभा म्हणाली, "हप्त्यात मी दिली असेल. मंदावहिनींनी ब्लाउजच्या शिलाईचे दिले होते, त्यातली." आणि जरा थांबून, "खरं सांगू? दिवसभर कापडात हात असतो माझा. नोटेचा कागद कापसाचा असतो. ही हातात आली तेव्हाच वेगळी लागली. पण म्हटलं, दिवा लावून बघत बसले तर शिलाई बुडाली."

मंदावहिनींचं किराणा दुकान. त्यांचे सासरे नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेले. १९२८ पासून नोटा छापणारी ती प्रेस गावापासून तासाभरावर, आणि नोट कशी ओळखायची हे वहिनी लग्न झाल्यापासून जेवताना ऐकत आलेल्या. "मला संशय आला होता," त्या म्हणाल्या. "पण मामंजींना दाखवली असती तर त्यांनी ती पुढे जाऊच दिली नसती. म्हणून दाखवलीच नाही. हौसाआजींनी तेल-साखरेचे दिले होते."

आता सगळ्या हौसाआजींकडे बघायला लागल्या. आजींच्या घरी दोन म्हशी. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी गवळी रोख देतो.

"गवळ्यानं दिली ती मला. बोटाला गुळगुळीत लागली," आजी म्हणाल्या. "चष्मा फळीवरच होता. म्या घातला नाही."

कायदा या बाबतीत मोठा चाणाक्ष आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७९ मध्ये खोटी नोट माहीत असून चालवणारा येतो आणि 'खोटी आहे असं मानायला कारण' असलेलाही येतो. आपण मात्र चष्मा फळीवर ठेवला की सुटलो, असं समजतो. सरकारनं तार रंग बदलणारी केली, डोळ्यांनी न दिसणाऱ्यांनाही ओळखता यावी म्हणून पाचशेच्या नोटेवर उठावाचं वर्तुळ दिलं. सगळं जागच्या जागी होतं. बघायचंच नव्हतं, त्याला प्रेसवाले काय करणार?

"मग पाचशे तिघींत वाटायचे का?" कोणीतरी विचारलं.

"चौघींत," कल्पना म्हणाली. "मी गड्डी मोजताना ती नोट मुद्दाम मधोमध घातली होती. वर ठेवायचं धाडस झालं नाही."

एकशे पंचवीस रुपये प्रत्येकी. शोभानं तिथल्या तिथे दिले, मंदावहिनींनी घरी जाऊन पाठवले, आजींनी पुढच्या पगाराचा वायदा केला.

दहा दिवसांनी गवळी आला. त्यानं पैसे आजींच्या हातावर ठेवले आणि किटली उचलली. वरची नोट पाचशेची होती. आजींनी तिच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"थांब रे बाबा. चष्मा आणते."

गवळ्यानं किटली खाली ठेवली. "आजी, ती द्या इकडं," तो म्हणाला. "दुसरी देतो."