जांबच्या नारायणाला कोणी गप्प बसवलं नव्हतं

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की जालन्यात भिंतींवर आणि मोबाइलवर निवासी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. हट्टी, चंचल, ऐकत नसलेल्या मुलांना थोड्या दिवसांत शिस्त लावून देऊ, असा त्यांचा एकूण सूर. सोबत पुष्कळदा समर्थ रामदासांचं चित्र. समर्थ आपल्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे, म्हणून ते चित्र कोणाला खटकत नाही. मला खटकतं. एका जागी बूड न टेकणाऱ्या लेकराला बसतं करणं म्हणजे शिस्त, या समजुतीमागे समर्थांना उभं करणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि त्या लेकरावरही.

ठोसरांच्या घरी 1608 साली जन्मलेला नारायण किती हूड होता, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. आई राणूबाई रागावल्या, घरासंसाराची काही काळजी कर म्हणाल्या. पोर दिसेनासं झालं आणि सापडलं ते अंधाऱ्या खोलीत, विश्वाची चिंता करत बसलेलं. बखरकारांनी ही गोष्ट पुष्कळ नंतर लिहिली. ती शब्दशः इतिहास म्हणून धरता येणार नाही. पण ती सांगताना आपण भर कुठे देतो ते पाहा : आई बोलली आणि वांड पोर ताळ्यावर आलं. गोष्टीत तसं घडतच नाही. आईला हवा होता संसारात लक्ष घालणारा मुलगा, आणि हा पुढे आसनगावच्या लग्नमंडपातून पळाला. नाशिकजवळ टाकळीला तप, सूर्यनमस्कार, मग देशभर पायी फिरणं, गावोगावी मारुतीची स्थापना. परंपरेनं जपलेलं हे सगळं चरित्र अंगातल्या जोराला काम मिळाल्याचं आहे. तो जोर कोणी काढून घेतल्याचं त्यात कुठेही नाही.

मधला काळ वाचकांच्या परिचयाचा आहे. पंतोजी, छडी, अंगठे धरणं, कोंबडा करणं. मग इंग्रजी शाळा आल्या, बाकं आली आणि हाताची घडी, तोंडावर बोट आलं. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चा दाखला मात्र इथे द्यायलाच हवा, कारण मार देण्याच्या समर्थनार्थ तो हटकून दिला जातो. त्या पुस्तकात आई श्यामला मारते हे खरं. पण कशासाठी? पोहायला घाबरून घरात लपून बसलेल्या मुलानं विहिरीवर जावं, पाण्यात उडी घ्यावी, म्हणून. मला तो मारही मान्य नाही. तरी एवढं दिसतं की मराठीतला सर्वांत प्रसिद्ध मार मुलाला हलवण्यासाठी होता, आणि त्याचा आधार घेऊन आपण मुलाला बसवतो.

आता ज्या वळणाचा सगळ्यांनीच चुकीचा अर्थ लावला आहे, त्याकडे येते. समज असा की मारिया मॉन्टेसरी, गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक या बालशिक्षणातल्या मंडळींनी छडी काढून घेतली, मुलांना मोकळं सोडलं आणि शिस्त गेली. जुन्या वळणाची माणसं हे तक्रारीनं सांगतात, आणि नव्या वळणाचे आईबाप याच समजापोटी मुलाला कशालाच नाही म्हणत नाहीत. दोघांनीही मूळ पाहिलेलं नाही.

मॉन्टेसरींचं पहिलं बालगृह 6 जानेवारी 1907 रोजी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडलं. त्यामागचं कारण फार साधं होतं. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली लहान मुलं इमारतीच्या भिंती आणि जिने खराब करत, आणि इमारती सांभाळणाऱ्या संस्थेला त्याचा बंदोबस्त हवा होता. म्हणजे बालशिक्षणातली ही मोठी कल्पना नेमक्या दांडग्या, एकट्या पडलेल्या मुलांमधून उभी राहिली. मॉन्टेसरी स्वतः डॉक्टर. त्यांनी लिहिलं की जागेवर खिळवून ठेवलेलं मूल शिस्तीचं झालेलं नसतं, ते नाहीसं झालेलं असतं. पण त्याच लिखाणात दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे : इतरांना त्रास होईल तिथे मुलाचं स्वातंत्र्य संपतं आणि मोठ्यानं त्याला तिथेच थांबवायचं असतं. जमिनीवर आखलेल्या रेषेवरून भरलेला पेला न सांडता चालणं, घंटा न वाजू देता नेणं, सगळ्यांनी मिळून निःशब्द होण्याचा खेळ, या त्यांच्या रीती. ज्याला धावल्याशिवाय राहवत नाही त्यानं स्वतःचं पाऊल स्वतः आवरायला शिकावं म्हणून त्या होत्या. हे छडीपेक्षा अवघड आहे. छडीला एक क्षण लागतो, याला मोठ्या माणसाची रोजची तयारी लागते.

ताराबाईंनी ही तयारी आपल्या मातीत आणली. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम, 1926 साली नूतन बालशिक्षण संघ, 1945 मध्ये अनुताई वाघांना सोबत घेऊन बोर्डी, पुढे कोसबाड. महागड्या साहित्याऐवजी शंख-शिंपले, खडे, पानं, बिया. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी पाड्यातल्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. मूल शाळेच्या चौकटीत बसत नाही म्हणून त्याला कोणी दोष दिला नाही. शाळेनंच आपली जागा बदलली. शिस्तीचा भार मुलाच्या अंगावरून मोठ्यांच्या मांडणीवर सरकला, हे खरं वळण. 2 ऑक्टोबर 1975 पासून एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी देशभर गेली. ती मांडणी मात्र पुष्कळ ठिकाणी मागेच राहिली. अंबड, परतूर, मंठ्याकडच्या कितीतरी खेड्यांत अंगणवाडी म्हणजे एक खोली, आणि तिथलं सर्वांत गुणी लेकरू म्हणजे न हलणारं.

घराबद्दलही शास्त्रानं पुढे बरंच शोधलं. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घराघरांत बसून आईबाप-मुलांची भांडणं पाहिली. मूल हट्ट करतं, आई ओरडते, मूल आवाज चढवतं, आई कंटाळून माघार घेते किंवा धपाटा घालते. माघार घेतली की मूल शिकतं, आवाज चढवला की मिळतं. धपाट्यानं मूल गप्प झालं की आई शिकते, मारलं की चालतं. दोघंही एकमेकांना चढत्या पट्टीत शिकवत राहतात. आपल्याकडे यात मोबाइलची भर पडली. रडणाऱ्या मुलाच्या हातात तो दिला की घर शांत होतं, आणि काढून घेतला की पहिल्यापेक्षा मोठा आकांत.

म्हणून घरात करायचं ते वेगळं आहे. जालन्यात नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे आपल्याला ठाऊक आहे. पाणी येईल त्या दिवशी चंचल पोराला ‘मधे येऊ नको’ म्हणून हाकलण्याऐवजी त्याच्या हाती त्याला पेलेल अशी कळशी द्या. तुरीच्या शेंगा सोलणं, गोठ्यातलं वैरण-पाणी, मोसंबीच्या बागेतली फळं वेचणं, गच्चीवर वाळवण पसरणं : अंगाला ओझं आणि दिसणारा शेवट असलेलं काम त्याला लागतं. नियम दोन-तीनच असावेत, आधी सांगितलेले, आजीनं आणि बापानं सारखेच पाळलेले. ‘पळू नको’ म्हणण्यापेक्षा ‘माझा हात धर’ म्हणा. त्यानं दुसऱ्या लेकराला मारलं तर त्याच क्षणी थांबवा, थोड्या शब्दांत, पुढच्या आठवड्याच्या धमकीशिवाय. झोपेची वेळ पक्की ठेवा. ऊसतोडीला वर्षातून कित्येक महिने गाव सोडणाऱ्या घरांना यातलं फार थोडं जमेल, हे मी जाणते. तिथे दोष आईचा धरू नये.

आणि सगळीच चंचलता सारखी नसते. 1902 मध्ये लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांचं वर्णन करताना नैतिक आवर घालण्याच्या शक्तीतली उणीव असे शब्द वापरले. आज तिला मेंदूच्या वाढीशी संबंधित अडचण मानतात. लक्ष न टिकणं, सतत वळवळ, विचार न करता झेपावणं ही लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा महिन्यांहून अधिक टिकलेली, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसणारी असतील आणि त्यापायी मुलाचं रोजचं जगणं अडत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. अगदी लहान मुलांत औषधाआधी आईबापांना प्रशिक्षण देण्याचीच शिफारस आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणीला येतात, त्यांच्या तपासण्यांत ही अडचणही मोडते, आणि त्या तपासणीला पैसे लागत नाहीत.